जुन्या जीपचा कोंडलेला श्वास

कित्येक एकत्र कुटुंबांत एखादी जुनी मोटारगाडी घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखी नांदत असते. ती कोणी घेतली, तिच्यांतून कोणाची वरात निघाली, कोणत्या पावसाळ्यांत तिनें आजीला रातोरात तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचविलें, हें घरांतल्या पोरासोरांसही तोंडपाठ असतें. अशी गाडी धूर ओकूं लागली, अंगणांत तेलाचे डाग पाडूं लागली आणि फाटकाशीं क्षणभर उभी केली कीं बंद पडूं लागली, म्हणजे घरांत दोन पक्ष होतात. एक पक्ष म्हणतो, 'मोडींत काढा.' दुसरा म्हणतो, 'इंजिन उतरवून नवें करून घ्या.' मार्ग निराळे, परंतु दोघांचें निदान एकच : इंजिन संपलें. हें निदान कधीं खरें असतें, तर कधीं अगदीं खोटें असतें. आणि ह्या दोहोंतला भेद दाखविणारी वस्तु म्हणजे अंगठ्याएवढी एक लहानशी झडप. तिची साक्ष काढल्यावांचून इंजिनास शिक्षा सुनावूं नये, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

ह्या झडपेस मोटारधंद्यांत 'पीसीव्ही वॉल्व्ह' असें नांव आहे. आपण तिला श्वासझडप म्हणूं. कारण इंजिनाच्या पोटांत कोंडणारी वाफ व धूर बाहेर काढून त्यास मोकळा श्वास घेऊं देणें हेंच तिचें काम. ती कोठें असते, बिघडली हें कसें ओळखावें आणि बदलावी कशी, ह्याचा विचार आपण एका परिचित गाडीच्या उदाहरणानें करूं. ती गाडी म्हणजे पेट्रोलवर चालणारी जुनी जीप.

जीपचें उदाहरण घेण्यास कारण आहे. ही गाडी मूळची अमेरिकेची आणि दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेली; तथापि महाराष्ट्राशीं तिचें नातें जुनें आहे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्रा आणि महंमद ह्या कंपनीचें नांव १९४८ सालीं महिंद्रा आणि महिंद्रा असें झालें, व त्याच दशकाच्या अखेरीस ह्या कंपनीनें परदेशांतून आलेले सुटे भाग मुंबईस माझगांव येथें जोडून विलिस जीप तयार करण्यास आरंभ केला. पुढें सीजे-३बी ह्या उंच नाकाच्या जीपा तर आपल्या इकडे गांवोगांव दिसूं लागल्या. तिचें नाक उंच होण्याचें कारण तिचें 'हरिकेन' इंजिन. युद्धकालीन जीपच्या इंजिनांत हवा आंत घेणारे व धूर बाहेर सोडणारे असे दोन्ही प्रकारचे वॉल्व्ह बाजूस असत; हरिकेनमध्यें हवा घेणारे वॉल्व्ह वर माथ्यांत नेले, म्हणून इंजिनाची उंची वाढली. दोन्ही इंजिनें चार सिलिंडरांचीं, सुमारें २२०० घनसेंटिमीटरांचीं, आणि दोन्हींस श्वासझडपेची योजना आहे. पुढें कित्येक जीपांत मूळचें इंजिन काढून डिझेलचें बसविण्यांत आलें. डिझेल इंजिनांत ही व्यवस्था निराळी असते, सबब येथील विवेचन पेट्रोलच्या इंजिनापुरतेंच समजावें.

कोंडमारा होतो कशाचा ?

सिलिंडरमध्यें पेट्रोल व हवा ह्यांच्या मिश्रणाचा भडका उडतो आणि त्याच्या जोरानें दट्ट्या खालीं ढकलला जातो. दट्ट्याभोंवतीं रिंगा असतात. त्या भडक्यास अडवितात. पण रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी थोडा वायु त्यांच्या कडेनें निसटून खालीं क्रँककेसमध्यें, म्हणजे इंजिनाच्या पोटांत, उतरतोच. नव्या इंजिनांत तो थोडा असतो, जुन्यांत अधिक. मुळींच नाहीं असें इंजिन नाहीं.

ह्या वायूंत असतें काय ? न जळलेल्या पेट्रोलची वाफ, काजळी, आम्लधर्मी वायु आणि पाणी. पाण्याचें नांव ऐकून आश्चर्य वाटेल; परंतु एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी तयार होतें. त्यांतील बहुतेक भाग वाफेच्या रूपानें सायलेन्सरवाटे निघून जातो. राहिलेला अल्पांश पोटांत उतरतो आणि इंजिन थंड असेल तर तेथेंच निथळतो. तेलांत पाणी, पेट्रोल व काजळी मिसळली म्हणजे काळा चिकट राबडा बनतो. रोज बाजारापर्यंत व देवळापर्यंतच जाणाऱ्या, पुरत्या कधींच न तापणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झांकणाखालीं पिवळट पांढरा साय-लोण्यासारखा थर दिसतो, तो ह्याच प्रकाराचा.

आतां ज्या स्वयंपाकघरास धुराडें नाहीं त्याची कल्पना करा. चूल पेटलेली आहे, दारें लावलेलीं आहेत. मग धूर कौलांतून, खिडकीच्या फटींतून, मिळेल त्या वाटेनें बाहेर पडणारच. इंजिनाच्या पोटांत कोंडलेला वायु हेंच करतो. तो सीलांच्या कडेनें व पॅकिंगांतून वाट काढतो आणि जातांना तेल बरोबर नेतो. आपण सील बदलतों, पॅकिंग बदलतों, पुन्हां महिन्यानें तेल गळूं लागतें. कारण दोष फटीचा नसून धुराड्याचा असतो.

धुराड्याचा इतिहास

आरंभींच्या मोटारींस ह्या कामासाठीं एक साधी नळी असे. ती क्रँककेसमधून निघून गाडीखालीं रस्त्याच्या दिशेनें उघडी सोडलेली असे. गाडी वेगांत असतां खालून वाहणाऱ्या वाऱ्यानें नळीच्या तोंडाशीं ओढ निर्माण होई व वायु बाहेर पडे. गाडी उभी असली किंवा सावकाश चालली, कीं ही ओढ नाहींशी होई. शिवाय तेलाची वाफ रस्त्यावर पडून रहदारीच्या वाटेच्या मध्यभागीं काळा पट्टा उमटे, तो निराळाच.

युद्धांत ही उघडी नळी धोक्याची ठरली. लढाऊ गाड्यांस नदीनाले ओलांडावे लागत. नळीचें तोंड पाण्यांत बुडालें कीं पाणी इंजिनाच्या पोटांत शिरण्याची भीति. म्हणून नळीचें तोंड बाहेर न सोडतां तें इंजिनाच्याच हवामार्गास जोडावें, इंजिन हवा ओढतें त्याच ओढीनें पोटांतला वायु वर खेंचून घ्यावा व पेट्रोलबरोबर जाळून टाकावा, अशी योजना झाली. युद्धकालीन जीपवर ही झडप आहे ती ह्यामुळें.

शांततेच्या काळांतील मोटारींस मात्र ती लागण्यास एक वेगळें संकट यावें लागलें. लॉस एंजल्स शहरावर डोळे चुरचुरविणारें धूसर आवरण पसरत असे. एरी हागेन-स्मिट ह्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत दाखवून दिलें, कीं न जळलेलें इंधन व नायट्रोजनचे ऑक्साइड ह्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हें आवरण बनतें. मोटारींतून बाहेर पडणाऱ्या न जळलेल्या इंधनापैकीं सुमारें पंचमांश भाग सायलेन्सरमधून नव्हे, तर क्रँककेसच्या ह्या उघड्या नळीतून येई. तेव्हां कॅलिफोर्नियांत १९६१ च्या नमुन्यांपासून व पुढें १९६३ च्या नमुन्यांपासून सर्व अमेरिकेंत नव्या मोटारींस श्वासझडप बसूं लागली. मोटारीच्या धुरास आळा घालणारें पहिलें साधन तें हेंच.

झडप काम कसें करते ?

झडपेच्या पोटांत एक सरकती खुंटी व एक नाजूक स्प्रिंग असते. बाकी कांहीं नाहीं. इंजिन उभ्या जागीं मंद चालत असतां कार्ब्युरेटरचा पडदा जवळजवळ मिटलेला असतो, म्हणून हवामार्गांतील ओढ अतिशय तीव्र असते. ह्या ओढीनें खुंटी पुढें खेंचली जाऊन वाट अरुंद होते व थोडाच वायु आंत जातो. गाडी वेगांत चालूं लागली कीं ओढ कमी होते, स्प्रिंग खुंटीस मागें सारते, वाट रुंद होते आणि वाढलेला वायु सहज निघून जातो. इंजिनानें उलट फटका दिला, तर खुंटी मागें आदळून वाट साफ बंद करते; त्यामुळें ज्वाला क्रँककेसमधील वाफेपर्यंत पोंचत नाहीं. हें तिसरें काम सर्वांत महत्त्वाचें, आणि झडपेऐवजीं नुसती नळी जोडणारे लोक नेमकें हेंच विसरतात.

ही खुंटी राबड्यानें जागच्या जागीं चिकटली म्हणजे दोनपैकीं एक प्रकार होतो. ती मिटलेली राहिली, तर पोटांत दाब वाढतो, सीलांतून तेल गळतें, तेलाची वाफ उलट्या वाटेनें हवेच्या गाळणींत चढते व गाळणीं तेलानें माखते. ती उघडी राहिली, तर इंजिन मंद चालत असतां नको इतकी हवा आंत शिरते, मिश्रण पातळ होतें, इंजिन थरथरतें व बंद पडतें; इतकेंच नव्हे, तर हवेबरोबर तेलाचे कणही ओढले जाऊन सायलेन्सरमधून निळा धूर येतो. निळा धूर दिसला कीं 'रिंगा गेल्या' असा निकाल देण्याचा प्रघात आहे. रिंगा गेल्यानें निळा धूर येतो हें खरें. पण निळा धूर आला म्हणून रिंगा गेल्याच, हें तर्कशास्त्रांत बसत नाहीं.

झडप शोधण्याची रीत

नांवानिशीं ठिकाण पाठ करण्यापेक्षां वाट धरून शोधणें बरें. कारण जुन्या गाडींत मागच्या हातांनीं कोठें काय फेरफार केले असतील ह्याचा नेम नसतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कार्ब्युरेटर कोणत्या अंगास आहे तें पाहावें. त्याच अंगास खालीं, एक्झॉस्टच्या जाड नळकांड्याआड, इंजिनाच्या कुशीस एक लांबट पत्र्याचें झांकण असतें. तें टॅपेटचें झांकण. त्यावरून एक बारीक नळी निघून वर कार्ब्युरेटरखालच्या हवामार्गाकडे जाते. ह्या नळीवर बोट ठेवून वर जावें. हवामार्गांत ती शिरते तेथें आट्यांनीं बसविलेली जी जाडसर गोल गांठ दिसेल, तीच श्वासझडप. तिचा जोडीदार इंजिनाच्या दुसऱ्या बाजूस असतो : हवेच्या गाळणीपासून तेल ओतण्याच्या नळीकडे गेलेला रबरी पाइप. त्यातून स्वच्छ हवा पोटांत येते व झडपेवाटे मलिन वायु बाहेर पडतो. एक दार उघडें व दुसरें बंद असेल तर घरांत वारा खेळत नाहीं. म्हणून तपासणी दोन्हींची करावी.

गांठ जर कोठेंच सांपडली नाहीं, हवामार्गाच्या भोंकांत नुसता बोल्ट ठोकलेला दिसला व खालची नळी रस्त्याकडे मोकळी सोडलेली आढळली, तर पूर्वीं कोणी तरी हा उपद्व्याप टाळण्यासाठीं श्वासमार्गच बुजविला असें समजावें. हा उपाय नव्हे. अशी गाडी सावकाश चालतांना धूर आंत बसलेल्यांच्या नाकांत जातो, आणि रस्त्यावरची धूळ त्याच नळीनें तेलांत उतरून रिंगांना खरोखरच खाऊं लागते.

तपासणी व बदल

गाडी सपाट मोकळ्या जागीं उभी करावी, चाकांस दगड लावावे, हातब्रेक ओढावा. पेट्रोलजवळ काम आहे, तेव्हां उदबत्ती, विडी, शेगडी जवळ नको. पदर, ओढणी, धोतराचा सोगा, सैल बाह्या आवरून घ्याव्या. पंखा व पट्टा माणूस ओळखत नाहींत.

पहिली परीक्षा कागदाची. इंजिन गरम करून मंद चालूं ठेवावें, तेलाच्या नळीचें झांकण काढावें, गाळणीकडून येणारा पाइप तात्पुरता बोळ्यानें बंद करावा व त्या नळीच्या तोंडावर पोस्टकार्डाएवढा पातळ कागद ठेवावा. कांहीं क्षणांनीं कागद तोंडास चिकटला, तर श्वास चालूं आहे. कागद उडून गेला, तर पोटांत दाब आहे. परीक्षा होतांच बोळा काढण्यास विसरूं नये.

दुसरी परीक्षा अंगठ्याची. इंजिन बंद करून निवूं द्यावें, टॅपेटच्या झांकणाकडील नळीचें टोंक सोडवावें, पुन्हां इंजिन चालूं करून त्या मोकळ्या टोंकावर अंगठा ठेवावा. एक्झॉस्ट लवकर तापतें, म्हणून हात जपावा. अंगठ्यास ओढ मुळींच लागली नाहीं, तर झडप किंवा नळी तुंबली आहे. ओढ जबर असून अंगठा ठेवतांच थरथरणारें इंजिन एकदम शांत चालूं लागलें, तर झडप उघडी अडकली आहे. ओढ बेताची असून अंगठ्यानें चालीत थोडासाच फरक पडला, तर झडपेचा अपराध नाहीं.

दोष आढळल्यास इंजिन पुन्हां थंड करून झडप सोडवावी. जुने आटे गंजलेले असतात. त्यांवर गंज सैल करणारें तेल सोडून रात्रभर थांबावें, पान्याशीं दांडगाई करूं नये. नळी धातूची असेल तर नट फिरवितांना नळी पिळली जाणार नाहीं, इकडे लक्ष द्यावें. काढलेली झडप कानाशीं हलवून पाहावी. आंतली खुंटी टकटक वाजली तर ती मोकळी आहे. कांहीं जुन्या झडपा दोन भागांत उघडतात. त्या रॉकेलनें किंवा कार्ब्युरेटर साफ करण्याच्या द्रवानें धुवून, स्प्रिंग शाबूत असल्यास, पुन्हां वापरतां येतात. स्प्रिंग गंजली असेल, खुंटीवर खांच पडली असेल अथवा झडप न उघडणारी असेल, तर नवी घ्यावी.

नवी घेतांना एक पथ्य. केवळ आटे जुळले म्हणून दुसऱ्या इंजिनाची झडप बसवूं नये. आंतली फट त्या त्या इंजिनाच्या आकारमानास अनुसरून ठरविलेली असते. फट मोठी पडली तर पहिलाच रोग नव्या रूपानें परत येईल. जुनी झडप बरोबर नेऊन, इंजिनाचा प्रकार सांगून, त्याच मापाची मागावी. बसवितांना दिशा चुकवूं नये. हवामार्गाकडचें टोंक हवामार्गाकडेच आलें पाहिजे. आटे प्रथम बोटांनीं लावावे व मग पान्यानें बेतानेंच आंवळावे. नळी धुवून आरपार फुंकून पाहावी. रबरी पाइप फुगलेला वा तडकलेला असल्यास तेल सोसणारा नवा पाइप घालावा, बागेंतील पाण्याची नळी कापून घालूं नये. तेलांत राबडा दिसत असेल तर तेल व त्याची गाळणी दोन्ही बदलावीं, नाहीं तर नवी झडप त्याच घाणीनें लवकरच चिकटेल. शेवटीं कार्ब्युरेटरची मंद चाल पुन्हां जुळवून घ्यावी. कारण इतके दिवस ती बिघडलेल्या झडपेच्या हिशेबानें लावलेली होती. अडाणीपणानें केलेली ही जुळवणी तशीच राहिली, म्हणजे नवी झडपही निरुपयोगी ठरल्याचा भास होतो.

मग खरा निकाल

हें सर्व करून आठपंधरा दिवस गाडी चालवावी आणि कागदाची परीक्षा पुन्हां घ्यावी. कागद चिकटला, गळती थांबली, चाल सुधारली, तर इंजिन संपलेलें नव्हतें. त्यास फक्त श्वास मिळत नव्हता. परंतु झडप नवी, नळ्या स्वच्छ आणि तरीही कागद उडतो आहे, तर झडपेनें काढून टाकतां येईल त्याहून अधिक वायु खालीं उतरतो आहे, असा त्याचा अर्थ. तेव्हां मिस्त्रीकडून चारही सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. एखाद्याचा दाब फार कमी आला, तर त्यांत चमचाभर इंजिनाचें तेल घालून पुन्हां मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर दोष बहुधा वॉल्व्हांचा. आतां जो खर्च करावयाचा तो डोळे उघडे ठेवून करतां येतो, आणि गाडी विकावयाची ठरली तर घेणाऱ्यासही खरें सांगतां येतें.

ही चौकशी केवळ हौसेची नाहीं. आपल्या देशांत खासगी मोटारीची नोंदणी सामान्यतः १५ वर्षांची असते, व पुढें दर ५ वर्षांनीं गाडीची योग्यता तपासून तिचें नूतनीकरण करावें लागतें; धुराच्या तपासणीचें पीयूसी प्रमाणपत्र तर वेळोवेळीं लागतेंच. मिश्रण बिघडलेलें इंजिन ह्या परीक्षेंत अडखळतें. आणि प्रमाणपत्राची गोष्ट सोडली, तरी अंगणांत गाडी चालूं असतां निघणारी पेट्रोलची व तेलाची वाफ ओसरीवर बसलेले आजोबा आणि तेथेंच खेळणारीं नातवंडें ह्यांच्याच छातींत जाते, ही गोष्ट कोणत्याही दाखल्याहून मोठी आहे.

ज्या घरीं अशी गाडी असेल, तेथें दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं कौलें शाकारण्याच्या सुमारास श्वासझडपेचीही पाहणी करावी, आणि तारीख व काय आढळलें तें गाडीच्या वहींत टिपून ठेवावें. काम अर्ध्या दिवसाचें आहे व फारसें बळ लागत नाहीं. घरांतील मोठ्या मुलामुलींनीं वडीलमाणसांच्या देखरेखीखालीं तें करण्यास हरकत नाहीं. पुढच्या वेळीं इंजिनाविषयीं घरांत वाद निघाला, तर दोन्ही पक्षांस ती वही उघडून दाखवावी, आणि आधीं तेलाच्या नळीवर कागद ठेवून पाहावा.